बिननावी प्रतिस्पर्धी

बुद्धिबळाचा इतिहास आपण बरोबरीच्या खेळाडूंचा इतिहास म्हणून वाचत आलो आहोत. कापाब्लांका आणि अलेखाइन, फिशर आणि स्पास्की, कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह. तोलामोलाचे दोन पुरुष समोरासमोर बसले की इतिहास घडतो, अशी आपली समजूत असते. पण जगात आजवर जितके पट मांडले गेले, त्यांतला फार मोठा वाटा असमान बळाच्या खेळाडूंचा आहे. एक जण जबर, दुसरा कच्चा, आणि बसण्यापूर्वीच दोघांना हे माहीत. या डावांचा इतिहास कोणी सलग लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. गेली काही वर्षे मी जुनी मासिके, डावसंग्रह आणि स्पर्धांचे गुणतक्ते चाळत त्याचे धागे जमवतो आहे. त्या धाग्यांचा हा एक पट.

सुरुवात एका छोट्या गोष्टीने करतो. एकोणिसाव्या शतकातले युरोपीय डावसंग्रह उघडले की त्यांत एक खेळाडू पुन्हा पुन्हा भेटतो. तो पॅरिसमध्ये हरतो, लंडनमध्ये हरतो, न्यू ऑर्लिन्समध्येही हरतो. त्याचे नाव ‘एन. एन.’, कधी नुसतेच ‘हौशी खेळाडू’. अर्थात तो एक माणूस नव्हे. बलाढ्य खेळाडूंकडून सुंदर पद्धतीने मात खाल्लेल्या शेकडो माणसांचे ते सामाईक नाव आहे. जिंकणाऱ्याची प्रत्येक चाल छापली गेली, हरणाऱ्याचे नाव छापण्याची मात्र गरज कोणाला वाटली नाही.

मोहरे देऊन खेळण्याचा काळ

त्या काळी असमान खेळाडू एकमेकांशी कसे खेळत, हे आधी पाहू. आपल्याकडे थोरला भाऊ धाकट्याला म्हणतो, ‘जा, मी वजीर न घेता खेळतो.’ युरोपात हीच गोष्ट पद्धतशीर शास्त्र झाली होती. सगळ्यात लहान सूट म्हणजे एक प्यादे आणि पहिली चाल. जबर खेळाडू काळी मोहरी घेई आणि राजाच्या उंटासमोरचे प्यादे आधीच पटावरून उचलून ठेवी. हेच प्यादे का, तर ते ज्या घरावर उभे असते त्या घराला सुरुवातीला एकट्या राजाचाच आधार असतो. तेवढे प्यादे गेले की राजाच्या दाराची कडी निघाली. त्याच्या वरची पायरी म्हणजे एक प्यादे आणि दोन चाली. मग घोडा, मग हत्ती, आणि शेवटी वजीर.

ही शिडी इतकी रुळली होती की खेळाडूची प्रतच तिच्यावरून ठरे. अमका ‘घोड्याचा खेळाडू’ आहे म्हणजे उत्तम खेळाडूकडून त्याला एक घोडा मिळाला तर डाव रंगतो. तमका ‘हत्तीचा’ म्हणजे त्याहून कच्चा. आज गुणांकनाने जे मोजतात, ते त्या काळी लाकडी मोहऱ्यांनी मोजत.

फ्रान्सचा फिलिडोर अठराव्या शतकात अशी सूट देऊन, कधी पटाकडे न पाहताही, खेळे. त्याच्यानंतरचा देशापेल तर सूट दिल्याशिवाय पटावर बसायलाच तयार नसे. एक प्यादे आणि दोन चाली देणे हा त्याचा बाणा होता. अमेरिकेचा पॉल मॉर्फी १८५८-५९ मध्ये युरोप जिंकून परतल्यावर त्याने जाहीर केले, की यापुढे एक प्यादे आणि पहिली चाल दिल्याखेरीज तो कोणाशी खेळणार नाही.

वरवर पाहता हे औदार्य वाटते, आणि काही अंशी ते होतेही. लंडनच्या कॉफीगृहांत एका शिलिंगला एक डाव खेळून पोट भरणारे उत्तम खेळाडू होते. सूट दिली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी फिरकणार नाही, हे त्यांना कळत होते. कच्च्या खेळाडूला झुंजण्याचा आनंद मिळे आणि शिकायला मिळे. पण या व्यवहारात एक मेख होती. जबर खेळाडू जिंकला तर घोडा देऊनही जिंकला, म्हणून त्याची कीर्ती दुप्पट. हरला, तर घोडा दिला होता म्हणून हरला. दुबळ्याच्या विजयाला पूर्ण किंमत कधीच नव्हती. सूट त्याला पटावर आणत होती खरी, पण त्याची जागाही आधीच नेमून देत होती. ज्याचा विजयसुद्धा अर्धाच, त्याचे नाव पूर्ण कशाला लिहायचे?

कोलकात्याचा अपवाद

या बिननावी गर्दीतून एक भारतीय मात्र नावानिशी वर आला. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर आपल्या काळातला नामांकित खेळाडू. तरुणपणी तो पॅरिसमध्ये देशापेलशी खेळला होता. पुढे तो वकिलीसाठी कोलकात्यात राहिला. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याची गाठ महेशचंद्र बंदोपाध्याय या बंगाली गृहस्थाशी पडली. महेशचंद्रांचा हात देशी पद्धतीवर बसलेला. आपल्या जुन्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जात नाही, एकच जाते. त्या सवयीतून ते इंग्रजी नियमांनी खेळतानाही प्यादी एकेक घर सरकवत, उंट बाजूच्या खिडकीत बसवत आणि गोऱ्या खेळाडूला पटाचा मध्य खुशाल व्यापू देत.

दोघांचे शेकडो डाव झाले. जास्त डाव कॉक्रेनने जिंकले. बळ असमानच होते. पण कॉक्रेन डाव लिहून ठेवी आणि ते इंग्लंडच्या मासिकांपर्यंत पोचत. महेशचंद्रांच्या नावाचे स्पेलिंग तिथे दर वेळी वेगळे झाले, पण नाव छापले गेले. त्यांच्या मांडणीला पुढे ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव चिकटले आणि विसाव्या शतकात त्या नावाच्या बचावांचे मोठे कुटुंब झाले. मला यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते, की एका हरणाऱ्या खेळाडूच्या चाली कोणीतरी लिहून ठेवल्या म्हणून त्यांतला विचार जगाला मिळाला. कॉक्रेनने कागदावर टाक टेकवला नसता, तर महेशचंद्रही एन. एन. झाले असते.

घड्याळ आले

१८५१ च्या लंडन स्पर्धेत घड्याळ नव्हते. प्रतिस्पर्धी एकेका चालीला किती वेळ घेतो याच्या तक्रारी स्टाँटनने जाहीरपणे केल्या. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे आली; दोन तासांत २४ चाली. १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या टॉमस ब्राइट विल्सनने बनवलेले जोडघड्याळ वापरले गेले. एकाचे चालू झाले की दुसऱ्याचे थांबते, ही आजची व्यवस्था तिथून सुरू झाली.

या यंत्राने एक गोष्ट नकळत केली. बळाखेरीज आणखी एक वस्तू पटावर मोजता येऊ लागली, ती म्हणजे वेळ. आणि ही वस्तू दोघांना अगदी सारखी वाटून देता येत होती.

त्याच सुमाराला दुसरा बदल झाला. १८९५ मध्ये झुरिक येथील स्पर्धेत डॉ. यूलिउस म्युलर यांनी जोड्या लावण्याची नवी पद्धत वापरली. ती स्विस पद्धत. शंभर खेळाडू असले तरी सात-आठ फेऱ्यांत स्पर्धा उरकते, कोणी बाद होत नाही, समान गुणांचे खेळाडू पुढच्या फेरीत एकमेकांसमोर येतात. पण पहिल्या फेरीत सर्वांचे गुण शून्यच असतात. म्हणून आज सर्रास यादीचे दोन भाग करतात आणि वरच्या भागातल्या पहिल्याची गाठ खालच्या भागातल्या पहिल्याशी घालतात. म्हणजे असमान डाव आता कॉफीगृहातली कृपा राहिली नाही. तो नियमाने ठरू लागला, आणि त्यात प्यादेही कमी होत नव्हते.

मग अर्पाड एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकाची गुणांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. तिचे मर्म साधे आहे. दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असेल तर जबर खेळाडूने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत. फरक ४०० असेल तर सुमारे ९२. घोडा आणि हत्ती यांच्या जागी आकडे आले. आकडा फक्त अंतर सांगतो. पटावरचे काही काढून घेत नाही.

जलद डावांचे दिवस

घड्याळाचा काटा जवळ ओढून खेळणे क्लबांत जुनेच होते. त्याला मोठ्या मंचावर प्रतिष्ठा मिळाली ती १९८० च्या दशकात. १९८७ मध्ये लंडनच्या हिप्पोड्रोम रंगमंचावर कास्पारोव्ह आणि नायजेल शॉर्ट यांच्यात प्रत्येकी २५ मिनिटांचे सहा डाव झाले. कास्पारोव्ह ४-२ असा जिंकला. १९८८ मध्ये मेक्सिकोतील माझात्लान येथे अर्ध्या तासाच्या डावांची जागतिक स्पर्धा झाली, ती कार्पोव्हने जिंकली. १९९४ मध्ये लंडनच्याच जलद स्पर्धेत ‘चेस जीनियस’ या संगणक कार्यक्रमाने कास्पारोव्हला बाद केले. पारंपरिक वेळेत त्या कार्यक्रमाला ते तेव्हा जमले असते असे मला वाटत नाही.

इथे एक समज तपासून पाहिला पाहिजे. जलद बुद्धिबळात दुबळ्याला फायदा होतो, असे सरसकट म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. वेळ कमी असला की खेळाडू गणितापेक्षा ओळखीवर चालतो: ही रचना पाहिलेली आहे, इथे हत्ती असाच जातो. ही ओळख जबर खेळाडूकडे कितीतरी जास्त असते. म्हणजे त्याची मुख्य शिदोरी शाबूत राहते. पण त्याच्याही चुका वाढतात. आणि डावात चुका वाढल्या की दुबळ्याला एखादी फट सापडण्याची शक्यता वाढते. जलद खेळ अंतर पुसत नाही. तो दार थोडे किलकिले ठेवतो, एवढेच.

रेक्याविक, मार्च २००४

हे दार किती किलकिले होते, ते पाहायला आइसलँडला जाऊ. १९७२ च्या फिशर-स्पास्की लढतीने जगाच्या नकाशावर आलेले रेक्याविक. तिथे मार्च २००४ मध्ये जलद डावांची बाद पद्धतीची स्पर्धा भरली. आदल्या दिवशी अतिजलद डावांची प्राथमिक स्पर्धा झाली. तिच्यात मॅग्नस कार्लसन या नॉर्वेच्या तेरा वर्षांच्या मुलाने माजी विश्वविजेत्या कार्पोव्हला हरवले. दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला, त्याच्या समोर आला गॅरी कास्पारोव्ह.

कास्पारोव्ह तेव्हा चाळिशीचा, जगात पहिल्या क्रमांकावर, गुणांकन २८०० च्या वर. कार्लसन अजून ग्रँडमास्टरही झाला नव्हता. ते पद त्याला पुढच्या महिन्यात दुबईत मिळाले. त्याचे गुणांकन २५०० च्या आत होते. फरक सुमारे साडेतीनशे गुणांचा. एलोच्या कोष्टकाप्रमाणे अशा फरकात दुबळ्याने शंभर डावांत अकरा गुण मिळवावेत. दीडशे वर्षांपूर्वी असे अंतर असलेल्या खेळाडूला मोहऱ्यांची सूट मिळाली असती. इथे दोघांकडे सोळा सोळा मोहरी होती आणि वेळही सारखाच.

पहिल्या डावात पांढरी मोहरी कार्लसनकडे होती. कास्पारोव्ह उशिरा आला. मुलाने वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून डाव सुरू केला. काळ्याने केंब्रिज स्प्रिंग्ज हा जुना बचाव निवडला. त्यात काळा वजीर लवकर बाहेर पडून कडेच्या रांगेवरून पांढऱ्याच्या घोड्यावर दाब आणतो. कार्लसन गोंधळला नाही. डाव मध्यावर आला तेव्हा कास्पारोव्ह डोके हातात धरून विचार करत होता, आणि हा मुलगा उठून शेजारच्या पटांवर काय चालले आहे ते पाहत फिरत होता. या प्रसंगाचे चित्रीकरण उपलब्ध आहे. पुष्कळांना त्यात उद्धटपणा दिसतो. मला त्यात तेरा वर्षांचे वय दिसते: आपली चाल झाली, आता समोरच्याचे काम, तोवर बसून काय करायचे?

हळूहळू पांढऱ्याचे पारडे जड झाले. डावाच्या अखेरीस कार्लसनकडे जिंकण्याची खरी संधी होती, असे पुढे अभ्यासकांनी दाखवले. पण घड्याळ त्याच्याही बाजूला तितक्याच वेगाने चालत होते. संधी निसटली आणि ५२ चालींनंतर डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात काळी मोहरी घेऊन तो ३२ चालींत हरला आणि बाद झाला. कास्पारोव्हने पुढे ती स्पर्धाही जिंकली.

या दोन डावांना मी एकत्रच पाहतो. पहिल्यात किलकिले दार दिसते, दुसऱ्यात अंतर. पण पहिल्याची किंमत कशात आहे? ती बरोबरी पूर्ण किमतीची होती. कास्पारोव्हला म्हणता आले नसते, की मी एक प्यादे दिले होते. आणि कार्लसनलाही कोणाचे उपकार मानावे लागले नाहीत. शतकभर सूट देणाऱ्याच्या मेहेरबानीवर उभा राहिलेला असमान डाव इथे दोन्ही बाजूंनी फिटंफाट झाला.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २००९ मध्ये कास्पारोव्हने काही काळ कार्लसनला शिकवले. २०१३ च्या जानेवारीत कार्लसनने कास्पारोव्हचा २८५१ गुणांचा विक्रम मागे टाकला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चेन्नईत आनंदला हरवून तो विश्वविजेता झाला. मात्र रेक्याविकचा डाव केवळ याच कारणाने मोलाचा ठरवणे मला पटत नाही. तो मुलगा पुढे कोणीही झाला नसता, तरी त्या बावन्न चाली तेवढ्याच चांगल्या राहिल्या असत्या. फक्त आपण त्या पाहिल्या नसत्या.

नागपूरची मुलगी

आपल्या घरचे उदाहरण अगदी ताजे आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी दोन भारतीयांत झाली. एका बाजूला ३८ वर्षांची कोनेरू हम्पी. २००२ मध्ये ती ग्रँडमास्टर झाली, आणि जलद प्रकारात २०१९ व २०२४ अशी दोनदा विश्वविजेती ठरली. दुसऱ्या बाजूला नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. ग्रँडमास्टर पदासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्या खाती नव्हता.

पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निर्णय जलद डावांवर आला. म्हणजे लढाई हम्पीच्या अंगणात गेली. गुणांकनातले अंतर रेक्याविकइतके नव्हते. पण अनुभवाचे आणि जलद खेळातल्या किताबांचे अंतर मोठे होते. २८ जुलैला पहिला जलद डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात काळी मोहरी दिव्याकडे होती. डाव लांबला, हम्पीचा वेळ संपत आला, चुका झाल्या, आणि दिव्या जिंकली. त्या विजयासोबतच तिला ग्रँडमास्टर पद मिळाले. भारताची ती ८८ वी ग्रँडमास्टर, महिलांत चौथी. लहान घड्याळात दोघींचीही परीक्षा सारखीच झाली. कोणी कोणाला काही दिलेले नव्हते.

न लिहिलेले डाव

आता माझ्या अडचणीकडे येतो. महाराष्ट्रात, सांगलीपासून नागपूरपर्यंत, वर्षभर शनिवारी-रविवारी जलद स्पर्धा होतात. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्य वेचून उभे केलेले बुद्धिबळाचे वातावरण पुढे गावोगाव पसरले. एखाद्या मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या सभागृहात टेबलांच्या रांगा लागतात. पहिल्या फेरीत निवृत्त मास्तरांसमोर तिसरीतली मुलगी बसते. पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून ती खुर्चीवर गुडघ्यांवर उभी राहून खेळते. घड्याळाचे बटण दाबायला तिला पुढे वाकावे लागते. असमान डावांचा खरा इतिहास आज इथे घडतो आहे.

आणि तो लिहिला जात नाही. पारंपरिक डावात प्रत्येक खेळाडूला चाली लिहाव्या लागतात. जलद डावात नियमानेच ती सक्ती नाही. वेळ कुठे असतो? मोठ्या स्पर्धांत संगणकाला जोडलेले पट आणि कॅमेरे ते काम करतात, म्हणून रेक्याविकची प्रत्येक चाल आपल्याकडे आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेत मागे उरतो तो फक्त गुणतक्ता. मी असे पुष्कळ तक्ते जमवले आहेत. त्यांत नाव असते, क्रमांक असतो, एक, अर्धा किंवा शून्य असतो. नवव्या मानांकिताला अठ्ठ्याहत्तराव्या मानांकिताने अर्ध्या गुणावर रोखले, एवढे कळते. कसे रोखले, ते कळत नाही.

एन. एन.च्या काळात चाली उरल्या आणि नाव गेले. आपल्या काळात नाव उरते आणि चाली जातात. दोन्हींत दुबळा खेळाडूच पुसला जातो. कारण जबर खेळाडूचे दुसरे शंभर डाव कुठेतरी नोंदलेले असतात, याचा हा एकच असतो.

यावर मोठा खर्च लागत नाही. पहिल्या फेरीतल्या वरच्या चार-पाच पटांशेजारी आयोजकांनी एकेक मुलगा वही घेऊन बसवावा. क्लबांत चाली लिहायला शिकलेली मुले असतातच, आणि लिहिता लिहिता तीही शिकतील. फेरी संपल्यावर ती वही क्लबच्या कपाटात ठेवावी. वर तारीख, गाव आणि दोन्ही खेळाडूंची पूर्ण नावे. कोलकात्यात एका वकिलाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी एवढेच केले होते.